आमच्या घरातलं तिचं सुतक

आमच्या तुळशीपुढचा संध्याकाळचा दिवा जवळजवळ शाळेचं एक वर्ष एका परदेशी मुलीने लावला. ती टांझानियाची होती, ख्रिस्ती होती, पंधरा वर्षांची होती आणि चंद्रपूरच्या एका शाळेत भरपूर फी भरून दहावी शिकत होती. या चारही गोष्टी एका दमात सांगितल्या की ऐकणारा माझ्याकडे संशयाने बघतो. म्हणून आधी ती इथे कशी आली ते सांगते.

नवं शतक लागून तीन-चार वर्षं झाली होती. शहराबाहेर, जिथे पूर्वी धानाच्या बांध्या होत्या, तिथे एक इंग्रजी शाळा उभी राहिली. दुसऱ्याच वर्षी तिच्या पाटीवर नावापुढे ‘आंतरराष्ट्रीय’ हा शब्द रंगवला गेला. आमच्या जिल्हा परिषदेच्या वित्त विभागात त्यावर बरीच चेष्टा झाली. गडचांदूरहून सिमेंट कारखान्याची बस दोन मुलं आणते, तेवढंच त्यांचं परराष्ट्र, असं एक जण म्हणाला. पण पुढच्या जूनमध्ये खरोखर चार परदेशी मुलं आली. एक मस्कतहून आलेला मुलगा, त्याचे आईवडील केरळचे. दोन भाऊ नेपाळचे. शाळा त्यांना परदेशी धरायची, आमची गल्ली धरायची नाही. आणि चौथी ही मुलगी.

या चौघांची फी डॉलरमध्ये लिहिलेली असे. रुपयांत आणली तर ती इथल्या मुलाच्या फीच्या पाचपट भरत होती. बाक तेच, मास्तर तेच, आणि वीज गेली की उकाडाही तोच. मी एकदा प्राचार्यांना विचारलं, की पाचपटीत जास्तीचं काय मिळतं? ते रागावले नाहीत. म्हणाले, विश्वास मिळतो. एवढ्या लांबून मूल पाठवणारा बाप शिक्षणाची नाही, काळजीची किंमत देतो. हे उत्तर मला तेव्हा पटलं होतं.

तिचे वडील लाकडाचे व्यापारी. आपल्याकडचं सागवान कमी पडायला लागलं तेव्हा बल्लारशाच्या आरागिरण्यांनी आफ्रिकेचं सागवान घ्यायला सुरुवात केली होती. त्या व्यवहारासाठी ते दोनदा इथे आले. माझे यजमान वन विभागाच्या लाकूड डेपोत मोजणीच्या कामावर, त्यामुळे ओळख झाली. रस्त्यावरून जाताना त्यांनी ती शाळा पाहिली आणि यजमानांना सरळ विचारलं, तुम्ही तुमची मुलगी इथे ठेवली असती का? यजमान म्हणाले, आमची मुलगी नागपूरला कॉलेजात आहे, तिची खोली रिकामी आहे. हे काही त्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. पण मुलींच्या वसतिगृहाचा फक्त जोता झाला होता, आणि शाळेलाही मुलीला ठेवायला घर हवंच होतं. अशी ती आमच्याकडे आली. शाळा आम्हाला महिन्याला ठरलेली रक्कम द्यायची.

पहिले काही दिवस गल्लीतली मुलं आमच्या फाटकाला लोंबकळून असत. कोणी तिच्या बारीक बारीक वेण्यांना हात लावून पळायचं. समोरच्या वहिनी मला हळूच म्हणाल्या, बाई, ही आपल्यासारखंच जेवते का हो? मी म्हटलं, तोंडानेच जेवते. त्यानंतर त्या आठवडाभर बोलल्या नाहीत आणि मग एके दिवशी भरल्या मिरच्या घेऊन आल्या.

माझ्या सासूबाई आमच्याकडेच असत. त्या कुरखेड्याकडच्या, तलावाकाठच्या गावच्या. आमच्या घराण्याचा धंदा तलावातली मासेमारी. सासूबाईंनी साठी उलटेपर्यंत डोक्यावर टोपली घेऊन बाजारात मासोळी विकलेली. मुलगी आली त्या दिवशी त्या तिच्याशी काही बोलल्या नाहीत. स्वयंपाकघरात येऊन मला एवढंच म्हणाल्या, “एवढ्या दूर पोट्टी धाडली. तिच्या मायले झोप कशी लागत असंन?”

मग पहिला रविवार आला. यजमानांनी मरळ आणली. सासूबाई मासे चिरायची पावशी घेऊन बसतच होत्या, तेवढ्यात ही पुढे झाली, तिने माझ्याकडे साधा चाकू मागितला, आणि शेपटीकडून डोक्याकडे असा चाकूचा पाठचा भाग फिरवत दोन मिनिटांत खवलं काढून मोकळी झाली. पोट फाडताना पित्त फुटू दिलं नाही. सासूबाई बघतच राहिल्या. मग मला म्हणाल्या, तिले विचार, हे कोनं शिकवलं. मी इंग्रजीत विचारलं. ती म्हणाली, आईने; आईच्या घरचे समुद्रावर मासे धरतात. मी ते मराठीत सांगितलं. सासूबाईंनी पावशी बाजूला सारली आणि म्हणाल्या, “म्हन्जे आपल्यातलीच हाय.”

त्या दिवसापासून ती सासूबाईंची झाली. भाषा ती पुस्तकातून नाही, त्यांच्या शेजारी बसून शिकली. त्यामुळे तिची मराठी झाली ती थेट आजीच्या झाडीपट्टीची. शाळेत इंग्रजीशिवाय बोलायला बंदी होती, पण एकदा प्राचार्यांनी वर्गात हाक मारली तर ही म्हणाली, “येऊन राह्यली, सर.” सगळा वर्ग हसला. प्राचार्यसुद्धा हसले, असं तिनेच घरी येऊन सांगितलं.

दिव्याचंही तसंच. सासूबाईंचे गुडघे धरले होते. अंगणात उतरून तुळशीपाशी वाकणं त्यांना जड जायचं. एकदा ती म्हणाली, आजी, मी लावू का? मी जरा थबकले. कारण तिच्या गळ्यात क्रॉस होता आणि तिच्या घरच्यांना हे चालेल की नाही ते मला माहीत नव्हतं. सासूबाईंनी फक्त विचारलं, हात धुतले काय? धुतले म्हणाली. मग लाव, म्हणाल्या. रविवारी वडिलांचा फोन आला तेव्हा मी हे त्यांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, दिवाच ना, लावू द्या. तेव्हापासून संध्याकाळी अभ्यासाला बसायच्या आधी ती वात सारखी करायची, काडी ओढायची, आणि मग माझ्यासमोर गणिताची वही उघडायची. तिची शेकडेवारी पक्की होती. भूमितीत मात्र ती आकृतीकडे अशी बघायची की जणू आकृतीनेच तिचा काही गुन्हा केलाय.

त्या हिवाळ्यात कुरखेड्याला यजमानांचे चुलते वारले. आम्ही सगळे जाऊन आलो. तिला त्या दिवशी समोरच्या वहिनींकडे ठेवलं होतं. परत आलो त्या संध्याकाळी ती नेहमीप्रमाणे काड्यापेटी घ्यायला गेली, तर सासूबाईंनी ती उचलून वरच्या फळीवर ठेवली. ती बावरली. तिला वाटलं, आपलं काही चुकलं. सासूबाईंनी तिला जवळ बसवून समजावलं, की घरचं माणूस गेलं की सुतक लागतं. दहा दिवस देवाला दिवा नाही, गोडधोड नाही. आणि घरात राहते, घरचं खाते, तिलाही ते आलंच. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, “मंग मले बी?” सासूबाई म्हणाल्या, तुले बी. मला आठवतं, तिचा चेहरा त्या वेळी उजळला होता. दुःखाच्या घरात असा आनंद दिसणं बरं नव्हे, पण तो तिच्या चेहऱ्यावर होता.

मार्चमध्ये केंद्रीय बोर्डाची परीक्षा सुरू झाली. शाळेची दहावीची ती पहिलीच तुकडी. तिचे निम्मे पेपर झाले होते, चांगले गेले होते, आणि सोमवारी गणित होतं. शुक्रवारी दुपारी प्राचार्य माझ्या कचेरीत आले. ते कधी कचेरीत येत नसत. मला बाहेर व्हरांड्यात बोलावलं आणि म्हणाले, मुलीची आई गेली. सकाळी वडिलांचा फोन शाळेत आला होता. अचानक झालं, दोन दिवसांचा ताप.

त्या बाईंना मी कधी पाहिलं नव्हतं. फोनवर त्यांचं एकच वाक्य ऐकलं होतं. मुलीने शिकवलेलं, “काकू, बऱ्या हाव का?” आणि मग स्वतःचंच हसू.

प्राचार्य पुढे म्हणाले, परीक्षा संपेपर्यंत तिला कळू द्यायचं नाही. पुढच्या आठवड्याअखेर शेवटचा पेपर. त्याच रात्री आपण सांगू, मी स्वतः तिला मुंबईपर्यंत सोडून येतो. मी विचारलं, वडील काय म्हणाले? ते म्हणाले, मी त्यांना सांगितलं, आम्ही सगळं बघतो, काळजी करू नका. ते रडत होते. थँक यू म्हणाले.

आता हे वाचून कोणी प्राचार्यांना दगड मारू नये. शाळेला निकाल हवा होता, परदेशी मुलीचा तर हवाच होता, हे खरं आहे. पण त्यांनी मला आणखी एक गोष्ट सांगितली. त्यांच्या स्वतःच्या मॅट्रिकच्या वेळी त्यांचे वडील वारले. मामांनी तीन पेपर होईपर्यंत त्यांना घरी नेलं नाही. “तेव्हा कळलं असतं तर मी आज गावात बैल राखत असतो,” ते म्हणाले. आणि आपल्याकडे हे सगळेच करतात. माझ्या मावसभावाला त्याच्या आजीचं बारावीनंतर कळलं. समोरच्या वहिनींच्या मुलाला मामाचं नर्सिंगच्या परीक्षेनंतर कळलं. गेलेलं माणूस परत येत नाही, वर्ष मात्र वाया जातं. माती तर तिकडे झालीच असेल. आता कळून काय, नंतर कळून काय. हा हिशेब मला पाठ होता. मीही तोच केला.

घरी यजमानांनी मान हलवली. नागपूरहून माझ्या मुलीने फोनवर सांगितलं, आई, पेपर संपेपर्यंत एक शब्द बोलू नको. रात्री ती झोपल्यावर सासूबाईंना सांगावं लागलंच. त्या भिंतीला टेकून बसल्या. त्यांनी ना होकार दिला, ना नकार. म्हणाल्या, “मले खोटं बोलता येत नाई, बाई. मी चूप राहीन.”

गल्लीला कसं कळलं ते मला आजही माहीत नाही. पण शनिवारी सकाळपासून तिच्यावर माया सुरू झाली. वहिनींनी वांग्याचं भरीत पाठवलं. फाटकाला लोंबकळणारी मुलं गप्प उभी राहून बघायची. कोपऱ्यावरच्या फोन बूथवाल्याने तिला पेन दिलं, पेपरासाठी म्हणून, आणि पैसे घेतले नाहीत. ती मला म्हणाली, काकू, सगळे मले खाऊ घालून राह्यले, गणितात नापास होनार हाव का मी? मी म्हटलं, नाही ग. आणि प्रमेयाचं पान उघडलं.

त्या संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला ती वहिनींकडे होती. आमच्या तुळशीपुढे अंधारच राहिला. माझ्या ते लक्षातही आलं नाही.

रविवारी मात्र ती घरी होती. वडिलांचा नेहमीचा फोन आला नव्हता. रविवार असून का नाही, असं तिने दोनदा विचारलं होतं आणि यजमानांनी लाइन खराब असेल म्हणून वेळ मारून नेली होती. मी ओट्यापाशी कणीक मळत होते. ती हात धुऊन आली, वात सारखी केली आणि काड्यापेटीकडे हात नेला. सासूबाई दाराशीच बसल्या होत्या. त्यांनी तिचा हात धरला. जोराने नाही, अगदी हळू. तिच्या मुठीतून काड्यापेटी काढून घेतली आणि स्वतःच्या मांडीखाली ठेवली.

मी पिठाच्या हातांनी तशीच उभी राहिले. दोन दिवस आम्ही सगळ्यांनी तोंड सांभाळलं होतं. वही, फोन, गल्ली, सगळीकडे लक्ष ठेवलं होतं. दिव्याचा विचार कोणी केला नव्हता. सासूबाई चूप राहणार होत्या, राहिल्याही. पण ज्या मुलीची आई गेली तिच्या हातून देवाला दिवा लावून घेणं त्यांच्याच्याने झालं नाही. आणि ज्या घरात त्या मुलीला त्यांनी सुतक शिकवलं, त्याच घरात.

ती आधी वरच्या फळीकडे बघत राहिली, चुलत्यांच्या वेळी काड्यापेटी जिथे गेली होती तिकडे. मग सासूबाईंकडे. मग माझ्याकडे. माझा चेहरा तिने वाचला असावा. ती सासूबाईंपुढे उकिडवी बसली आणि विचारलं, “आजी, कोन गेलं?”

सासूबाईंनी मांडीखालची काड्यापेटी आणखी आत सारली.

“तुमच्यातलं, का माह्यातलं?”

सासूबाईंनी तिचं डोकं छातीशी ओढून घेतलं. मी परात ठेवली, हात न धुताच खाली बसले आणि तिला इंग्रजीत सांगितलं, कारण मराठीत ते माझ्या तोंडातून निघेना. आई. ताप होता. तुझ्या बाबांचा शाळेत फोन आला होता.

ती लगेच रडली नाही. तिने विचारलं, कधी? मी सांगितलं, शुक्रवारी कळलं. माझी तयारी होती ती, तुम्ही मला का नाही सांगितलं, या प्रश्नाची. उत्तरही तयार होतं, गणित, वर्ष, सगळं. पण तिने तो प्रश्न विचारलाच नाही. ती उठली, चपला घातल्या आणि म्हणाली, फोन करायचा आहे.

घरच्या फोनवरून परदेशी लागत नसे, म्हणून ती बूथकडे निघाली आणि मी तिच्या मागे. वाटेत मी तिला समजावत होते. म्हटलं, बेटा, आता तिकडे सगळं झालं असेल. आपण गेलो असतो तरी पोचलो नसतो. ती चालता चालता थांबली आणि माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मी कुठल्या तरी तिसऱ्याच भाषेत बोलले.

“काय झालं असंन?”

“माती.”

“माह्याशिवाय?” ती म्हणाली. “मी मोठी पोरगी हाव. मी आल्याशिवाय नाई टाकत मायले मातीत.”

मला वाटलं, दुःखात माणूस असं बोलतं.

बूथवाला आम्हाला पाहून उभाच राहिला. त्याने आत बसलेल्या माणसाला बाहेर काढलं. ती काचेच्या आत गेली, दार लावलं. मी बाहेर उभी. आतला आवाज येत नव्हता. मीटरवरचे तांबडे आकडे पळत होते आणि मी सवयीने त्यांच्याकडे बघत होते. तिने नंबर लावला. एक शब्द बोलली. मग ऐकत राहिली. तिचा एक हात हळूहळू काचेवर आला, सपाट, बोटं फाकलेली. मग तिने रिसीव्हर तसाच हातात ठेवून कोपराने दार ढकललं.

“काकू,” ती म्हणाली, “ते वाट पाहून राह्यले. शुक्रवारपासून. सगळे आले. पप्पा विचारून राह्यले, मी कुठपर्यंत आली.”

मी आकडे न बघताच बूथवाल्याच्या हातात पैसे ठेवले.

आमच्याकडे माणूस सकाळी गेलं तर संध्याकाळच्या आत नेतात. संध्याकाळी गेलं तर सकाळ होऊ देत नाहीत, नेतातच. कुरखेड्याच्या चुलत्यांचं आम्ही पोचायच्या आधीच झालं होतं. सख्ख्या पुतण्यासाठी कोणी थांबलं नव्हतं, आणि त्यात कोणाला काही वावगं वाटलं नव्हतं. त्यामुळे कुठे मयत ठेवत असतील, दवाखान्यात बर्फावर ठेवत असतील, लांबच्या मुलीसाठी तीन-तीन दिवस अंगणात माणसं बसून राहत असतील, हे आमच्या कोणाच्या डोक्यात आलंच नाही. प्राचार्यांच्या नाही, यजमानांच्या नाही, माझ्या नाही. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या हिशेबातला गाळलेला आकडा शोधून काढण्याचा पगार घेतला. आणि इथे एक प्रश्न होता, माती कधी आहे, एवढाच. तो फोनवर कोणी विचारला नाही. आम्ही सगळे शहाणपणाने वर्ष वाचवत होतो, आणि समुद्रापलीकडे एक अख्खं घर दाराकडे डोळे लावून बसलं होतं.

तिचा पासपोर्ट शाळेच्या कपाटात होता. परदेशी मुलांची पोलिसांत नोंद करावी लागते म्हणून चौघांचेही तिथेच असत. यजमान आणि मी स्कूटरवर तसेच प्राचार्यांच्या घरी गेलो. ते जेवायला बसले होते. मी दारातूनच सांगितलं, तिला कळलं. ते वैतागले. म्हणाले, बाई, उद्या गणित आहे हो, निदान उद्याचा तरी जाऊ द्यायचा होता. मग मी म्हटलं, “सर, तिच्या आईला अजून पुरलेलं नाही. तुम्ही बघतो म्हणालात ना, तर ते तिची वाट बघतायत.”

त्यांचा घास हातातच राहिला. त्यांच्या पत्नीने त्यांच्याकडे पाहिलं. ते म्हणाले, “मला वाटलं, झालं असेल.” मी म्हटलं, मलाही तेच वाटलं. ते हात धुऊन उठले, किल्ल्या घेतल्या, अंधारातच शाळा उघडली आणि पासपोर्ट माझ्या हातात दिला. पाचपट फीत जे मिळतं असं त्यांनी मला सांगितलं होतं, ते त्या क्षणी आम्हा दोघांनाही आठवलं असावं.

तिकिटाची व्यवस्था तिच्या वडिलांच्या मुंबईतल्या लाकूड दलालाने केली. सकाळच्या गाडीने यजमान तिला नागपूरला नेणार होते, तिथून विमानाने मुंबईला. रात्रभरात तिने फक्त पिशवी भरली. तेव्हा ती रडली, सासूबाईंच्या कुशीत, अगदी लहान पोरीसारखी, आणि तिच्या भाषेत. सासूबाई झाडीच्या बोलीत उत्तर देत होत्या. त्या दोघींचं काही अडलं नाही.

निघताना सासूबाईंनी आपली ट्रंक उघडायला सांगितली. तळाशी एक कोरं लुगडं होतं, हिरवं, तांबड्या काठाचं. ते मला माहीत होतं. आमच्याकडे बाई गेली तर तिच्या अंगावर माहेरचं लुगडं पडावं लागतं. सासूबाईंच्या माहेरी आता कोणी उरलं नव्हतं, म्हणून त्यांनी स्वतःसाठी ते आधीच आणून ठेवलं होतं. ते त्यांनी मुलीच्या हातात दिलं. “तुह्या मायच्या अंगावर टाकजो,” त्या म्हणाल्या. “म्हनजो, कुरखेड्याहून आलं.” मी म्हणायला गेले, की त्यांच्यात हे चालतं की नाही माहीत नाही. पण म्हटलं नाही. गेल्या तीन दिवसांत आमच्या आणि त्यांच्यातलं किती माहीत आहे याचा अंदाज मला आला होता.

गणिताचा पेपर साडेदहाला सुरू झाला तेव्हा ती वर्धेच्या पुढे असेल. तिचं हॉल तिकीट माझ्या टेबलावर, भूमितीच्या वहीत राहिलं. गल्लीत कोणी काही विचारलं नाही. वहिनी येऊन दारात बसल्या आणि म्हणाल्या, आपण तिला वांगी खाऊ घातली हो. मग पदर तोंडाला लावून घरी गेल्या.

घरात दुसराच पेच. सासूबाईंना सुतकाचे दिवस धरायचे होते. आमच्याकडे सगळं एकाच दिवशी उरकतं, त्यामुळे हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. आता त्या मला विचारत होत्या, तू हिशेबातली आहेस, सांग. बाई गेली त्या दिवसापासून धरायचे, का माती होईल तेव्हापासून? यजमान म्हणाले, आई, ती आपली नातेवाईक नाही, ख्रिस्ती आहे, सुतक कशाला? सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी म्हटलं, मला सांगता येत नाही. माझ्या नोकरीत हे वाक्य मी क्वचितच उच्चारलं असेल.

बुधवारी संध्याकाळी फोन आला. आवाज लांबून, खरखरत, पण तिचाच. ती पोचली होती. आज दुपारी माती झाली. लुगडं आईच्या अंगावर घातलं; तिथल्या बायका विचारत होत्या हे कुठलं, तर तिने सांगितलं, माह्या आजीच्या गावचं. मग म्हणाली, पप्पा तुमच्याशी बोलायचं म्हणतात. मी घाबरले. त्यांना काय सांगायचं ते मला ठरवता आलं नव्हतं. ते फोनवर आले. मग हळूच म्हणाले, तुम्ही पाठवलीत, बरं झालं. मी म्हटलं, उशीर झाला. ते म्हणाले, हो. एवढंच. ते ‘हो’ त्यांनी गाळलं असतं तर मला बरं वाटलं असतं, पण ते खरं होतं.

ती परत आली नाही. पुढचं वर्ष तिने तिकडेच, तिच्या भावंडांजवळ केलं. शाळेच्या पत्रकावर मात्र आणखी दोन वर्षं तिचा फोटो होता, हातात पुस्तक, मागे नवी इमारत. मुलींचं वसतिगृह झालं. परदेशी मुलगी त्यात एकही आली नाही. प्राचार्य बाजारात भेटले की थांबत, आणि दरवेळी तिचं विचारत. एकदा मी सांगितलं, ती पास झाली. त्यांनी मान डोलावली आणि ते पिशवीतली भाजी सारखी करायला लागले.

त्या बुधवारी फोन ठेवून मी मागे वळले तेव्हा सासूबाई दारात उभ्या होत्या. मी त्यांना सांगितलं, आज झाली माती. त्या खाली मान घालून स्वतःशी काहीतरी पुटपुटल्या, आणि मग त्यांनी काड्यापेटी घेतली, टाचा उंचावून वरच्या फळीवर ठेवली.

“मंग आजपासून धरा,” त्या म्हणाल्या.